तिसऱ्याच सिलिंडरची वायर का जळते?

प्रश्न थोडक्यात असा: चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग) काढून त्याच्या जागी पाइपांचा हेडर बसवला. तेव्हापासून वर्षभरात तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बूट, म्हणजे वायरच्या टोकाची स्पार्क प्लगवर बसणारी रबरी टोपी, तीनदा जळला. शेवटची वायर घालताना तिच्यावर फायबरग्लासची स्लीव्ह (नळीसारखं वेष्टन) चढवली, तरी चार महिन्यांत गाडी परत मिसिंग करायला, म्हणजे ठिणगी चुकून अडखळायला लागली. आता ७ मिमीऐवजी ८ मिमी जाडीची वायर घ्यावी, स्लीव्हवर दुसरी स्लीव्ह चढवावी, की सरळ ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी?

फॉइल गुंडाळू नका. बाकीचं सावकाश सांगतो, पण हे आधी. नवखा असताना मी हा उद्योग करून बसलोय. चकचकीत आहे, उष्णता परतवेल, काम झालं, असा हिशेब होता. रात्री बॉनेट उघडून बघितलं तर फॉइलच्या कडेवरून हेडच्या बोल्टवर निळी ठिणगी टकटक पडत होती. या वायरमधून २० ते ४० हजार व्होल्ट जातात. रबराला केसाएवढी चीर असली तरी आसपास धातू नसेल तर एरवी निभावून जातं. फॉइलमुळे धातू थेट त्या चिरेला चिकटून बसतो. आणि चीर नसली तरी आतला गाभा, मधलं रबर आणि वरची फॉइल मिळून एक कपॅसिटर तयार होतो. कॉइलची (ठिणगीचे व्होल्ट तयार करणाऱ्या भागाची) काही ताकद तो भरण्यातच जाते आणि प्लगपर्यंत उरलेली पोचते. ज्या इंजिनात आधीच दम कमी आहे तिथे तेवढ्यानेही गाडी अडखळते.

आता मूळ मुद्दा. चारही बूट सारखेच जळत असते तर मी म्हटलं असतं, हेडर फार जवळ आहे, आडोसा करा. पण तीनदा एकच बूट जातोय. चारही पाइपांतून साधारण तेवढाच गरम धूर जातो, मग तिसऱ्यालाच काय झालंय, हे शोधल्याशिवाय नवी वायर घालणं म्हणजे गळक्या नळाखाली बादल्या बदलत बसणं.

जळका बूट फेकला नसेल तर तो उजेडात धरून नीट बघा. बहुतेक उत्तर त्याच्यावरच लिहिलेलं असतं. हेडरच्या झळीने गेलेला बूट पाइपाकडच्या अख्ख्या बाजूने कडक होतो, दाबला की चरचरतो, बारीक तडे पडतात, रंग उडतो. पाइपाला टेकून जळलेल्या बुटावर लांबट, वितळून चकाकणारी खाच दिसते. तिसरा प्रकार वेगळाच. एकदा माझ्याकडे एक इंजिन आलं होतं, मालकाने त्याच सिलिंडरच्या चार वायर बदलल्या होत्या. चौथा बूट हातात घेतला तर एका अंगाला नाण्याएवढा गोल डाग, मधोमध पांढरट राख, कडेने तपकिरी वर्तुळ. बाकीचा बूट नव्यासारखा मऊ. झळ अशी एका ठिकाणी नेम धरून लागत नाही. तिथे गरम धुराची पिचकारी बसत होती. हेडर आणि इंजिन यांच्या मधलं गॅस्केट तिसऱ्या पोर्टपाशी (धूर बाहेर पडणाऱ्या तोंडापाशी) फुटलं होतं आणि बुटाच्या बरोबर समोर तोंड करून फुटलं होतं. पेट्रोल इंजिनाचा धूर पोर्टमधून बाहेर पडताना, जोर पडत असेल तेव्हा, ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. त्यापुढे कुठली स्लीव्ह किती दिवस टिकणार!

तुमच्याकडे हेच असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते, कारण भानगड हेडर बसवल्यावर सुरू झाली. पातळ फ्लँजचे (इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या पट्टीचे) हेडर वेल्डिंगच्या उष्णतेने किंचित वाकतात आणि मधल्या पोर्टांवर दाब कमी बसतो. तपासायला सोपं आहे. सकाळी थंड इंजिन चालू करा आणि हेडरच्या बाजूला कान द्या. टॅपेटसारखा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागासारखा) टिकटिक आवाज येत असेल आणि गरम झाल्यावर तो कमी होत असेल तर टॅपेटच्या मागे लागण्याआधी गॅस्केट बघा. धातू फुगला की फट मिटते आणि आवाज जातो. फ्लँजच्या सांध्यावर काजळीचा काळा ओघळ असला तर खात्रीच झाली. पक्कं करायचं असेल तर थंड इंजिनावर सायलेन्सरच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू लावा आणि फ्लँजवर साबणाचं पाणी मारा. जिथे फेस येईल तिथे गळती. हेडर काढावा लागला तर फ्लँजवर सरळ पोलादी पट्टी ठेवून खाली फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पातळ पाती शिरते का बघा. शिरत असेल तर नवं गॅस्केट लावून उपयोग नाही, फ्लँज सपाट करून घ्यावी लागेल.

गळती नाही निघाली तर मग झळ आणि अंतर यांचा हिशेब. वायरवरचं सिलिकॉन सलग २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तग धरतं, ईपीडीएम रबर दीडशेच्या आसपास. जोर लावून चाललेल्या इंजिनाच्या हेडरचा पाइप बाहेरून सहज ४०० ते ६०० अंशांवर असतो. म्हणजे टेकलेली वायर वाचण्याचा प्रश्नच नाही. न टेकलेल्या वायरला मात्र बरीच आशा असते. लोक विचारतात की पाइप ३०० वरून ६०० वर गेला तर झळ दुप्पट होते का. झळ केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे ती दुप्पट होऊन थांबत नाही, पाचपटीच्या वर जाते. म्हणून गावात हळूहळू फिरणाऱ्या गाडीत दोन वर्षं टिकलेली वायर एका लांब घाटात संपते.

याच हिशेबाची उलटी बाजू तुमच्या कामाची आहे: पाइप थोडा जरी थंड झाला तरी झळ भरभर उतरते. त्यामुळे पाइप गरजेपेक्षा जास्त का तापतोय हे विचारायला हवं. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडलं असेल तर जाळ उशिरा संपतो आणि उरलेली उष्णता पोर्टमधून बाहेर येते. हेडर बसवल्यावर धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी हवा खेचली जात असेल तर ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) हवा-पेट्रोल मिश्रणाचा अंदाज चुकतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही पाइप फ्लँजपासून सारख्याच अंतरावर मोजा. आकडा किती येतो याला फार महत्त्व देऊ नका, चकचकीत धातूवर हे यंत्र हमखास कमी दाखवतं. चौघांत एक वेगळा आहे का तेवढं बघा. एखादा पाइप बराच थंड निघाला तर तो सिलिंडर नीट पेटत नाहीये.

अंतराबद्दल एक छोटं उदाहरण. ४० मिमी व्यासाचा पाइप आहे आणि वायर त्याच्या पृष्ठभागापासून ५ मिमी लांब आहे. पाइपाच्या मध्यापासून धरलं तर २५ मिमी. तीच वायर क्लिप लावून पृष्ठभागापासून ३० मिमीवर नेली की मध्यापासून ५० मिमी झाली, आणि लांबट पाइपाची झळ ढोबळमानाने निम्म्यावर आली. शिवाय पाइपाला लगटून वर चढणारी कढत हवा चुकली, तो फायदा वेगळा. एका क्लिपमध्ये एवढं मिळतं, तरी लोक आधी स्लीव्ह विकत घेतात. जागा निवडता येत असेल तर पाइपाच्या वरून जाण्यापेक्षा बाजूने जा. गाडी उभी असताना गरम हवा सरळ वर येते, आणि इंजिन बंद केल्यावर पंखाही थांबतो, वाराही थांबतो. बॉनेटखालची हवा त्यानंतरच सगळ्यात जास्त तापते.

क्लिपा कशाला लावायच्या यातही चूक होते. वायर इंजिनालाच बांधा, बॉडीला बांधू नका. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन माउंटिंगवर डोलतं, हेडरही त्याच्याबरोबर डोलतो; वायर बॉडीला जखडलेली असेल तर दर वेळी ताणली जाते नाहीतर पाइपाकडे झुकते. कॉइल बॉडीवर बसवलेली असेल तर तेवढ्या टप्प्यात थोडी ढील ठेवा. साधे प्लॅस्टिकचे टाय हेडरजवळ वापरू नका. उष्णतेने ते ठिसूळ होऊन तुटतात आणि वायर नेमकी पाइपावर पडते. स्टीलचा टाय तर वायरवर कधीच आवळू नका, कारण फॉइलबद्दल सांगितलं तेच.

बूट सरळ आहे की वाकडा, हे बघितलंत का? हेडरचे पाइप मूळ मॅनिफोल्डपेक्षा वेगळ्या वाटेने वळतात, त्यामुळे कारखान्याने दिलेला ९० अंशांचा बूट कधीकधी नेमका पाइपाच्या कुशीत जातो. तिथे सरळ किंवा ४५ अंशांचा बूट लावला की बोटभर जागा सुटते. तुमचा तिसरा पाइप चौथ्याला वळसा घालून जात असेल तर हा मुद्दा सगळ्यात आधी बघा. कधी कधी तोच बूट प्लगवर फिरवून तोंड दुसऱ्या दिशेला केलं तरी भागतं. एक पैसाही खर्च न होता सुटलेली अशी प्रकरणं मी बरीच पाहिली आहेत.

अंतर मिळतच नसेल तर आडोसा. मूळ मॅनिफोल्डवर पत्र्याचं हीट शील्ड होतं का? हेडर लावताना ते बसत नाही म्हणून बहुतेक जण कोपऱ्यात टाकून देतात, आणि मग वायर जळायला लागल्यावर बाजारातल्या वस्तूंची नावं विचारतात. पाइप आणि वायर यांच्या मध्ये, दोघांनाही न टेकता, एक साधा पत्रा उभा केला तरी झळ निम्म्याच्या आसपास येते. पत्रा चकचकीत असेल तर त्याहून बरीच कमी. दोन्ही बाजूंनी हवा खेळायला हवी. पाइपाला चिकटवलेला पत्रा स्वतःच पाइप होऊन बसतो. पत्रा इंजिनाच्या बोल्टवर घट्ट बसवा, हलता ठेवलात तर त्याची धारदार कड महिनाभरात वायर कापते. कडा दुमडून घ्या.

हेडरवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याचा सल्लाही मिळेल. झळ खरोखर कमी होते, पण पट्टी ओल धरते, आणि आतला पाइप जास्त तापतो. साध्या पोलादाचा हेडर गंजून किंवा तडकून लवकर जाऊ शकतो. माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग परवडत असेल तर ते करावं, नसेल तर पत्रा पुरे.

आता स्लीव्ह. तुमची स्लीव्ह चार महिन्यांत हरली, त्यात तिचा फारसा दोष नाही. स्लीव्ह उष्णता अडवत नाही, आत शिरायला उशीर लावते. गोधडीत बर्फ गुंडाळला तर तो उशिरा वितळतो, पण वितळतो. वायरच्या आत थंड करणारं काही नाही, त्यामुळे पाइपाची झळ तासन् तास लागत राहिली तर स्लीव्हच्या आतलं तापमान हळूहळू बाहेरच्या जवळ जाऊन पोचतं. थोड्या वेळाच्या चढासाठी, रेसच्या एका फेरीसाठी, चुकून पाइपाला घासण्यापासून वाचवायला स्लीव्ह उत्तम. लांबच्या प्रवासात सतत झळ खाणाऱ्या वायरला ती एकटी पुरत नाही. स्लीव्हवर स्लीव्ह चढवली तर उशीर वाढेल, एवढंच.

घेतलीच तर ढिली घ्या. ७ किंवा ८ मिमीच्या वायरवर १० ते १२ मिमी आतल्या व्यासाची, म्हणजे मध्ये हवेचा थर राहतो. वायरला घट्ट बसणारी स्लीव्ह निम्मा फायदा घालवते. साध्या फायबरग्लासच्या स्लीव्हची टोकं विसकटतात, ती बुटाखाली किंवा सिलिकॉनच्या टोपीखाली दाबून घ्या. आणि टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून तेल गळत असेल तर आधी ते बंद करा. उघड्या विणीची फायबरग्लास वातीसारखी तेल शोषते, आणि तेल प्यायलेली वात लाल हेडरच्या शेजारी लटकवणं म्हणजे आग बोलावणं आहे. गळतीची शंका असेल तिथे वरून सिलिकॉनचा थर असलेली स्लीव्ह घ्या. ती सलग २६० अंशांपर्यंत चालते आणि तेल पीत नाही. नुसत्या बुटासाठी वेगळी आखूड स्लीव्ह मिळते, तुमच्याकडे जळतोय तो बूटच आहे तेव्हा अख्खी वायर झाकण्यापेक्षा ती बघा. पूर्ण सिरॅमिकचे बूटही असतात. उष्णतेला ते सिलिकॉनपेक्षा कितीतरी वरचढ, फक्त लवचीक नसतात; हात आपटला किंवा तिरके ओढले की तडकतात.

८ मिमीच्या वायरचं काय? जाडीचा उष्णतेशी थेट संबंध नाही. वायर कशाची बनली आहे यावर ते ठरतं. ७ मिमीची चांगल्या सिलिकॉनची वायर ८ मिमीच्या साध्या रबरी वायरपेक्षा हेडरजवळ जास्त टिकेल. जाड वायर तर अरुंद जागेत पाइपाच्या अर्धा मिलिमीटर जवळच जाते. आणि 'जास्त दमदार' म्हणून नुसत्या तांब्याच्या गाभ्याची वायर घालू नका. तिचा विद्युत गोंगाट ईसीयू असलेल्या इंजिनात सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळतो आणि मग वेगळंच दुखणं मागे लागतं.

एक गोष्ट फार कमी लोक धरतात: बूट जळण्यात प्लगचाही हात असतो. झिजलेल्या प्लगची गॅप (ठिणगी उडते ती फट) वाढते, गॅप वाढली की ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात, आणि तेवढे व्होल्ट उष्णतेने कमजोर झालेल्या रबरातून पळवाट शोधतात. सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनाला तर पेट्रोलपेक्षा मुळातच जास्त व्होल्ट लागतात. पळवाट एकदा सापडली की प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ उमटते, तशीच रेघ बुटाच्या आतही. ती कार्बनची रेघ वीज वाहते. म्हणून जुन्या प्लगवर नवा बूट घातला की तीच वाट त्यालाही मिळते. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून ती रेघ आहे का बघा. असेल तर प्लग आणि वायर दोन्ही एकाच वेळी बदला. पुसून जाते असं वाटतं, पण जात नाही.

वायर शाबूत आहे का हे मल्टीमीटरने बघताना चारही मोजा. कार्बनच्या गाभ्याच्या वायरला दर फुटाला साधारण ३ ते १२ हजार ओहम येतात, तारेच्या गुंडाळीचा गाभा असेल तर त्याहून खूप कमी. तीन वायरी लांबीच्या हिशेबाने सारख्या आणि एक तिप्पट-चौपट निघाली तर तिचा गाभा गेला. मोजताना वायर हळूच वाकवा, आकडा उड्या मारायला लागला तरी तेच. पण ओहम बरोबर आले म्हणून निश्चिंत होऊ नका. मीटर गाभा मोजतं, रबरातली गळती त्याला दिसत नाही. त्यासाठी अंधारात इंजिन चालू ठेवून बूट आणि वायरवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. हेडरवर पाणी पडू देऊ नका आणि वायरला हात लावू नका. हृदयाला पेसमेकर असलेल्या माणसाने तर हे काम दुसऱ्याकडेच द्यावं. जिथे निळसर तुरे दिसतील किंवा टकटक ऐकू येईल तिथे वायर गेली. आणखी एक खूण: एकाच कॉइलवर दोन-दोन सिलिंडर चालत असतील तर दुसरा आणि तिसरा जोडीदार असतात. तिसऱ्याच्या वायरचा गाभा पूर्ण तुटला तर दोघेही बोंबलतात. नुसती गळती असेल तर तिसराच. मिसिंग कुठल्या सिलिंडरला येतंय यावरून बरंच कळतं.

बसवताना एका वेळी एकच वायर बदला, म्हणजे क्रम चुकत नाही. बुटाच्या आत कडेने डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर लावा. बूट प्लगला चिकटत नाही आणि ओल शिरत नाही. फासायचं नाही, बोटाला लागेल तेवढंच. प्लगवर दाबल्यावर 'कट' असा आवाज यायला हवा. अर्धवट बसलेल्या बुटात आतल्या आत ठिणगी पडत राहते आणि तोही जळका दिसतो, मग दोष हेडरवर जातो. काढताना वायर ओढू नका, बूट धरून आधी अर्धा फेरा फिरवा.

आणि हेडरचे बोल्ट. नव्या गॅस्केटवर पहिल्या काही वेळा इंजिन तापून थंड झालं की ते ढिले पडतात. आठवड्याने इंजिन पूर्ण थंड असताना मधल्या पोर्टपासून बाहेरच्या बाजूने, इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर पुन्हा आवळा. त्याच वेळी तिसऱ्या बुटावरून बोट फिरवून बघा. मऊ लागला तर ठीक, एका बाजूला कडक लागायला लागला असेल तर ती बाजू कुठे तोंड करून आहे ते बघा, गळती किंवा झळ तिकडूनच येतेय.